मोजे

डॉक्टरीणबाईंनी कागदावर माणूस काढला,
काड्यांचा, शाळेतली पोरं काढतात तसा.
मनगटाशी एक रेघ मारली, घोट्याच्या वर एक.
म्हणाल्या, इथून खाली असंच राहील आता,
हातमोजे-पायमोजे घातल्यासारखं.

मी जन्मात मोजे घातले नव्हते.
लग्नाच्या फोटोत यांनी घातले होते,
तेही मामेभावाचे.

सहा वर्षं झाली. उतरत नाहीत.

गावात विचारतात, "आता बरं हाय नं, माय?"
मी हो म्हणते.
हो म्हणायला बोटं लागत नाहीत.

बधिर म्हणजे गप्प, असं वाटलं होतं मला.
पण रात्री दिवा मालवला की
भिवापुरी मिरची कुटून हात न धुता निजावं
तशी आग उठते.
काटा कळत नाही आणि चादर बोचते.
याला काय म्हणावं, ते डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत सांगितलं.
मी घरी येईपर्यंत विसरले.

परवा मोहाडीच्या बाजारातून आले, फाट्यापासून पायी.
दारात गिरजाबाईचा नातू म्हणाला,
"आजी, एकच चप्पल?"
खाली पाहिलं तर खरंच.
उजवी कुठे गळाली, कोणत्या गिट्टीवरून
मी अनवाणी चालत आले,
पायाने काही सांगितलं नाही.
परत गेले. नहराच्या पुलाजवळ पडली होती, उलटी.
उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं म्हणतात.
सुलटी केली, हातात घेतली,
आणि डोळ्यांनी बघत बघत पायात घातली.

जेवणं झाली की हे टॉर्च घेऊन बसतात.
तळवा उचलतात, भिंगातून पोथी वाचावी तसा वाचतात.
वटपौर्णिमेला मी पाया पडते यांच्या,
बाकी सगळ्या रात्री माझे पाय यांच्या मांडीवर.
बाभळीचा काटा निघाला की उजेडात धरून दाखवतात:
"हा बघ, केवढा."
मी बघते.
दुसऱ्या कुणाच्या पायातला असावा, असा.

औषधाच्या गोळ्यांनी तेव्हा ठसेही पुसले होते.
रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की ती नाही म्हणायची.
तीन महिने तांदूळ सुनेच्या अंगठ्यावर आला.
मग रेघा परत उगवल्या.
आता मशीनला मी कळते, मला मशीन कळत नाही.
अंगठा टेकला की नाही
ते दुकानदाराच्या तोंडाकडे बघून ओळखते.

लेक म्हणाला, कोसा काढणं बंद कर.

चार कोषांचे चार पदर चिमटीत धरायचे,
उघड्या मांडीवर तळहाताने पीळ द्यायचा.
पदर तुटला तर डोळ्यांना दिसत नाही,
बोटंच सांगायची, मधेच, गप्पा चालू असताना.
ती बोलायची थांबली.
पहिल्या वर्षी भोयर शेठने अर्ध्या लडी परत केल्या,
जाड कुठे, बारीक कुठे, मधे नुसत्या गाठी.
काही बोलला नाही. नुसता तराजू पुसत राहिला.

मग एकदा चैत्रातल्या दुपारी
लाइट गेलेली, मडक्यात कोष उकळत होते,
घरभर तो आंबूस वास,
डोळे थकले म्हणून मिटले, हात चालूच होता.
आणि कळलं: चारातला एक गेला.
कुणी सांगितलं?
थांबले. पुन्हा पीळ दिला. पुन्हा कळलं.
मांडीने.

तिथवर मोजे पोचले नव्हते.
चाळीस वर्षं ती नुसती पाट झाली होती,
तिला कुणी काही शिकवलं नव्हतं,
पण बोटं बोलायची तेव्हा ऐकत असावी.

अजून गाठी पडतात. शेठ अजून भाव पाडतो.
पोळी टाकताना तवा अजून चटका देतो,
आणि फोड मला सूनच दाखवते.
संध्याकाळी मात्र लडी पुरी झाली की
उचलून गालावर फिरवते, सावकाश,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
सून दारातून बघते.
तिला वाटतं, म्हातारी लाड करते धाग्याचे.